इको-निवास संहिता

नव्या निवासी इमारतींच्या भिंती, खिडक्या आणि छतातून किती उष्णता आत यावी, यावर मर्यादा घालणारी भारतीय ऊर्जासंहिता. ऊर्जा मंत्रालयाच्या अखत्यारीतील ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने तिचा पहिला भाग डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केला. त्या भागात ५०० चौ.मी. व त्याहून मोठ्या भूखंडावरील प्रकल्पांसाठी ती ठेवली होती. ऊर्जा संवर्धन अधिनियमात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि निवासी इमारतीही कायद्याच्या कक्षेत आल्या. तरी राज्याने अधिसूचना काढून स्थानिक विकास नियंत्रण नियमावलीत कलमे घालेपर्यंत ती बिल्डरवर प्रत्यक्षात बंधनकारक होत नाही.

संहितेचा गाभा म्हणजे ‘आरईटीव्ही’ : छत वगळून उरलेल्या आवरणातून (बाहेरच्या भिंती व खिडक्या) दर चौ.मी.मागे आत येणारी सरासरी उष्णता. थंड प्रदेश सोडून सर्वत्र ती १५ वॅटपेक्षा जास्त चालत नाही. मुंबईसारख्या उष्ण-दमट हवामानाच्या सूत्रात भिंतीच्या यू-मूल्याला (उष्णता किती सहज आरपार जाते त्याचे माप) ५.१५ ने, काचेच्या यू-मूल्याला १.३१ ने, तर काचेतून शिरणाऱ्या उन्हाच्या प्रमाणाला (एसएचजीसी) ६५.२१ ने गुणतात आणि आवरणातल्या त्यांच्या वाट्यानुसार बेरीज करतात. उन्हाच्या बाबतीत काच किती महाग पडते, ते या आकड्यांतच दिसते.

समजा, आवरणाचा २० टक्के भाग काचेचा आहे आणि दिशागुणक (भिंतीच्या दिशेनुसार उन्हाचा फरक धरणारा आकडा) १ धरला. एएसी ब्लॉकची (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची) भिंत (यू-मूल्य सुमारे ०.८) आणि छज्जा नसलेली साधी काच (एसएचजीसी ०.८) घेतली, तर बेरीज १५ च्या किंचित वर जाते. छज्जाने हेच प्रमाण ०.५ वर आणले की ती ११ च्या आसपास येते. अ‍ॅल्युमिनियम शटरिंगमध्ये ओतलेली १५० मि.मी. काँक्रीट भिंत (यू-मूल्य सुमारे ३.५) मात्र एकटीच १४ पार करते, तिथे बाहेरून उष्णतारोधक थर दिल्याशिवाय गणित जमत नाही. एएसीच्या इमारतीतही काँक्रीटचे स्तंभ, तुळया आणि शिअर वॉल (वारा-भूकंपाचा ताण पेलणाऱ्या काँक्रीट भिंती) क्षेत्रफळाच्या प्रमाणात धरावे लागतात. ते गाळले की कागदावरचा आकडा फसवा निघतो.

खरी ओढाताण वायुवीजनाच्या अटीने होते. उष्ण-दमट हवामानात उघडणारे क्षेत्र चटई क्षेत्राच्या १६.६६ टक्के हवे, म्हणजे ६० चौ.मी.च्या घराला सुमारे १० चौ.मी. सरकत्या खिडकीचा निम्माच भाग उघडतो, त्यामुळे त्यासाठी २० चौ.मी. खिडक्या लागतील आणि आरईटीव्ही वाढेल. बिजागरीच्या झडपेची खिडकी ९० टक्के उघडी धरली जाते. साधारण ११ चौ.मी.त काम भागते. सरकत्या खिडक्या सर्रास बसवल्या जातात त्या स्वस्त आणि जागा न अडवणाऱ्या म्हणून, वारा मिळावा म्हणून नव्हे.

छताचे यू-मूल्य कमाल १.२ हवे. नेहमीचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) तेवढे काम करत नाही, ४० मि.मी. एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन) फोमने ते सहज साधते. फोम भिजून दबणार नाही असा निवडावा आणि त्यावर संरक्षक थर द्यावा.

अंमलबजावणीची कमकुवत जागा म्हणजे मंजुरी आणि भोगवटा प्रमाणपत्र यांमधला काळ. आराखड्यातली काच बदलून स्वस्त काच बसते, छज्जा दर्शनी भागाच्या सोयीने छाटला जातो. तपासणी अधिकाऱ्याने काचेचे चाचणी-प्रमाणपत्र मागितले आणि छज्जाची खोली टेपने मोजली, तरच हे पकडले जाते. ताबा मिळाल्यावर रहिवाशांनी काचेने बंद केलेली बाल्कनी मात्र त्यानंतरची असते. तिथून येणारा वारा आकडेमोडीत धरलेला असला, तरी घरात पोचत नाही.