चढण देते ते दोन-तीन सेकंद

शाळेत असताना जुनी विमानवाहू नौका विक्रांत पाहायला गेलो होतो. तेव्हा ती मुंबई बंदरात संग्रहालय म्हणून उभी होती. डेकवरून नाळेकडे, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडे, चालत गेलं की पायाखालचं लोखंड हळूहळू वर चढायचं आणि एकदम संपायचं. पुढे नुसतं पाणी. इथून विमान उडायचं कसं, हा प्रश्न मी घरी घेऊन आलो.

बरेच जण समजतात की ही चढण, म्हणजे स्की-जंप, विमानाला वर भिरकावते. खरं तर चढावर कुठलीही गाडी थोडा वेग गमावते, तसंच विमानाचंही होतं. नौकेवर धावायला फार तर 200 मीटरच्या आसपास जागा मिळते. त्यामुळे रॅम्पचं टोक सुटतं तेव्हा पंखांना अख्खं वजन पेलण्याइतका वेग आलेलाच नसतो.

शिवाजी पार्कवर सीमारेषेवरून चेंडू सपाट फेकला तर तो अर्ध्या वाटेत टप्पा खातो. तोच चेंडू, तेवढ्याच जोराने, जरा वर फेकला की हवेत जास्त वेळ राहतो. विमानाला हाच वेळ हवा असतो.

हिशेब करून पाहू. समजा, ताशी 200 किलोमीटर वेगाने विमान 14 अंशांच्या रॅम्पवरून सुटलं. त्याचा वरच्या दिशेचा वेग होतो सेकंदाला साधारण 13 मीटर. पंखांनी काहीच उचल दिली नाही असं धरलं, तरी टोकाच्या उंचीवर परत यायला त्याला पावणेतीन सेकंद लागतील. पंखांनी निम्मं वजन पेललं तर हा वेळ दुप्पट होतो. चेंडूला हवेत नवा जोर मिळत नाही, पण मिग-29के विमानाची दोन इंजिनं मिळून सुमारे 18 टनांचा जोर लावत असतात. विमान पुन्हा खाली झुकण्याआधीच उडण्याचा वेग गाठलेला असतो.

उड्डाणाआधीचा क्षण बघण्यासारखा असतो. डेकमधून वर आलेले अडसर चाकं धरून ठेवतात, इंजिनं पूर्ण ताकदीने पेटतात, अडसर खाली जातात आणि विमान सुटतं. नौका वाऱ्याच्या तोंडावर जोरात चालत असते, तोही वेग पंखांना फुकट मिळतो.

ही कल्पना ब्रिटिश नौदलातले अधिकारी डग टेलर यांची. 1977मध्ये हॅरियर विमानावर तिची चाचणी झाली, तीही जमिनीवर. आपली विक्रांत 1961मध्ये दाखल झाली तेव्हा तिच्यावर वाफेवर चालणारं कॅटापल्ट, म्हणजे विमानाला झटक्याने पुढे ढकलणारं यंत्र, होतं. पुढे सी हॅरियरसाठी ते काढून रॅम्प बांधला. त्याच चढणीवर मी उभा होतो.

या सोयीची किंमतही आहे. इंधन आणि शस्त्रांचं ओझं आवरावं लागतं, टेहळणीची जड विमानं उडवता येत नाहीत. पण खवळलेल्या समुद्रात रॅम्पसारखा आधार नाही. लाटेने नाळ 4 अंश खाली दबली, तर सपाट डेकवरचं विमान थेट पाण्याच्या दिशेने सुटेल. 14 अंशांच्या रॅम्पचं टोक तेव्हाही 10 अंश आभाळाकडेच असतं.