गोष्टीतल्या अनाथ भावंडांमागचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धातल्या इंग्लंडवर मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्यांत ही भावंडं हमखास भेटतात. आईबाप नाहीत, कोटाला नावाची चिठ्ठी, खांद्याला गॅस मास्कचा पुठ्ठ्याचा डबा. ‘आपली ताटातूट तर होणार नाही ना?’ ही त्यांची धास्ती लेखकांनी मनाने रचलेली नाही. ती खरोखरच्या मुलांची होती.

शहरांवर बॉम्ब पडतील, विषारी वायू सोडला जाईल, या भीतीने शहरांतली मुलं खेड्यापाड्यांत हलवायच्या तयारीला ब्रिटिश सरकार १९३८पासूनच लागलं होतं. १९३९च्या सुरुवातीला गावोगावच्या घरांतल्या खोल्या मोजून झाल्या. हिशेब माणशी एक खोली. युद्ध जाहीर होण्याच्या दोन दिवस आधी, १ सप्टेंबरला, गाड्या सुटल्या. मोजक्या दिवसांत सुमारे १५ लाख लोक हलले. त्यांत आठ लाखांहून अधिक शाळकरी मुलं होती, आईवडिलांशिवाय, शिक्षकांच्या भरवशावर निघालेली.

बॉम्बफेकीच्या वर्णनांपेक्षा मला जास्त अस्वस्थ करतो तो गावातला हॉल. दमलेली मुलं तिथे उभी करायची आणि गावकऱ्यांनी येऊन निवडायची. शेतावर कामाला येतील असे दणकट मुलगे, नीटनेटक्या मुली पटकन जात. हात घट्ट धरून उभी असलेली तीन भावंडं मागे राहत. जादा खोली एखादीच असायची. त्यात ठेवून घेणाऱ्याला सरकारकडून एका मुलामागे आठवड्याला साडेदहा शिलिंग मिळत, पण एकाहून जास्त ठेवली तर प्रत्येकी साडेआठच. उरलेल्यांना घेऊन अधिकारी रात्री दारोदार फिरत.

पोहोचल्यावर नवा पत्ता पोस्टकार्डावर लिहून घरी कळवायचा असे. ज्याला घरच नाही, त्याने ते कार्ड कुणाला धाडायचं? मला वाटतं, या कादंबऱ्यांचं बीज इथेच आहे.

बॉम्ब पडेनात, तेव्हा जानेवारी १९४०पर्यंत जवळजवळ निम्मी मुलं घरी परतली. सप्टेंबरमध्ये लंडनवर बॉम्बवर्षाव सुरू झाला आणि गाड्या पुन्हा भरल्या. काही मुलांना कॅनडाला पाठवायचं ठरलं. त्यांना नेणारं ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज १७ सप्टेंबरच्या रात्री जर्मन पाणबुडीने बुडवलं. जहाजावर आपल्याकडचे कितीतरी खलाशी होते. त्यांतलेही अनेक गेले. सरकारी योजनेतल्या ९० मुलांपैकी ७७ दगावली. त्या ७७ जणांत लंडनच्या एकाच घरातली पाच भावंडं होती.