मोडण्याआधीच हाडाला आधार

गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर (एंडोमेट्रियल कॅन्सर) पसरलाच तर बहुधा लसीकाग्रंथी, फुप्फुस किंवा पोटाच्या आतल्या आवरणाकडे जातो. हाडांकडे क्वचितच. म्हणूनच उपचार होऊन गेलेल्या बाईची पाठ किंवा मांडी दुखू लागली की ‘वय झालं’ म्हणून ते दुखणं अंगावर काढलं जातं. पडून राहूनही न थांबणारं, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं मात्र तपासायलाच हवं.

हाडांत पसरला तर मणके आणि ओटीपोटाची हाडं या या कॅन्सरच्या नेहमीच्या जागा. मणक्यांभोवतीच्या शिरांना झडपा नसतात, त्यामुळे पोटावर दाब आला की ओटीपोटातलं रक्त उलटं तिकडे वळू शकतं, हे शरीररचनाशास्त्रज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी १९४० मध्ये दाखवलं. हाडात पोचलेल्या कॅन्सरपेशी हाड पोखरण्याचं काम मुख्यतः दुसऱ्यांकडून करवून घेतात. जुनं हाड झिजवून नव्याला जागा करणाऱ्या आपल्याच पेशींना त्या चिथावतात.

आता हा चौथ्या, म्हणजे दूरवर पसरलेल्या टप्प्याचा आजार. रोगाचा मुकाबला औषधं आणि रेडिएशन करतात. सर्जनने बघायचं ते हाड भार पेलेल का, एवढंच.

ते ठरवायला हाडांचे सर्जन हिल्टन मिरेल्स यांची १९८९ ची गुणपद्धत आजही वापरतात. गाठ कुठे आहे, किती दुखतं, ती हाड पोखरते की घट्ट करते आणि जाडीचा किती भाग व्यापते, या चार गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण. बेरीज ९ किंवा जास्त आली तर हाड मोडायची वाट न पाहता त्याच्या आत आधाराला धातूचा रॉड घालावा. ८ ला मात्र सर्जनचा अनुभवच कामी येतो. कॅन्सरने मोडलेलं हाड नीट जुळून येईल याचा भरवसा नसतो, म्हणून गाठीने केलेली पोकळी बोन सिमेंटने (हाडात भरायच्या, घट्ट होणाऱ्या लांबीने) भरतात. खुब्याजवळ तर सांधाच बदलतात. रुग्णाला लगेच पायावर उभं राहता यावं, हा हिशेब.

मणक्यातल्या गाठीने मज्जारज्जू दाबला तर घाई करावी लागते. वेगवेगळ्या कॅन्सरच्या १०१ रुग्णांवरच्या २००५ च्या चाचणीत शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही मिळालेल्यांपैकी ८४ टक्के चालू शकले, नुसतं रेडिएशन मिळालेल्यांपैकी ५७ टक्के.

कधी बऱ्याच वर्षांनी एकाच हाडात एकच गाठ सापडते, बाकी शरीर स्वच्छ. अशा निवडक रुग्णांत ती समूळ काढण्याचा विचार होतो. पण आधी बायोप्सी, यात तडजोड नको! ती गाठ हाडाचाच वेगळा कॅन्सर निघाली, तर घाईने घातलेला रॉड त्याच्या पेशी हाडभर पसरवतो आणि पाय वाचवणं अवघड होऊन बसतं. निदान पक्कं असलं तरी रॉड जातो गाठीतूनच. म्हणून जखम भरल्यावर रेडिएशन देताना गाठीपुरतं न थांबता बहुधा रॉडची सगळी लांबी त्यात घेतात.