बरं वाटतंय, तरीही गोळी वेळेवर

किडनी प्रत्यारोपण नीट झालं की थोड्याच दिवसांत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने गाळून टाकायचा कचरा, उतरतं आणि आठवड्यातून तीनदा चार-चार तास चालणारं डायलिसिस थांबतं. घोटभर पाणीही मोजून पिणाऱ्याला डॉक्टर आता दिवसाला अडीच-तीन लिटर प्यायला सांगतात. भूक लागते, झोप लागते. पण नवी किडनी परकी आहे हे शरीर कधीच विसरत नाही, पाच वर्षांनीही नाही. तिच्यावर हल्ला सुरू झाला तरी बहुधा काही दुखत नाही. फक्त रक्ततपासणीत क्रिएटिनिन चढलेलं दिसतं. त्यामुळे बरं वाटतंय एवढ्यावरून गोळी कमी करणं हीच सगळ्यात महागात पडणारी चूक.

हा हल्ला रोखायला बहुतेकांना टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन अशी तीन औषधं असतात. यात टॅक्रोलिमस सर्वांत नाजूक: रक्तातलं प्रमाण कमी पडलं तर किडनी नाकारली जाते, जास्त झालं तर तेच औषध किडनीला इजा करतं. ते साधारणपणे दर बारा तासांनी, म्हणजे सकाळी आठ आणि रात्री आठ, घेतात. एकदा उपाशीपोटी, एकदा भरपेट असं करू नये. डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती सुरू करू नये.

टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी तपासायच्या दिवशी हमखास गोंधळ होतो. रक्त पुढच्या डोसच्या अगदी आधी द्यायचं असतं. सवयीने घरून गोळी घेऊन निघालं, तर पातळी खोटी जास्त दिसते, डॉक्टर डोस घटवतात आणि संरक्षण खरोखरच कमी पडतं. त्या सकाळची गोळी खिशात ठेवा, रक्त दिल्यावर लगेच घ्या. आदल्या रात्रीची गोळी किती वाजता घेतली तेही सांगा.

गणपतीच्या दिवसांत घरात येणारं पपनस टाळावं. ग्रेपफ्रूटसारखंच तेही टॅक्रोलिमसचं विघटन रोखून पातळी चढवू शकतं. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक आणि फ्लुकोनाझोल हे बुरशीवरचं औषधही तेच करतात. क्षयावरचं रिफॅम्पिसिन उलट पातळी पाडतं. जुलाबातही पातळी वाढू शकते, तेव्हा डोस स्वतः न बदलता फोन करावा. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन नको. गुळवेलीचा काढाही नको: ज्या प्रतिकारशक्तीला आवर घालायला एवढी औषधं चालू आहेत, तीच चेतवण्यासाठी लोक तो पितात.

एका वहीत रोज सकाळी वजन, रक्तदाब आणि ताप लिहावा. सुरुवातीच्या महिन्यांत लघवीचं मापही. दिवसात किलोभर वजन वाढलं, लघवी घटली, पायांना सूज आली, पोटात खाली जिथे नवी किडनी बसवली आहे तिथे दुखलं किंवा ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. तापाची गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये, कारण या औषधांवर असताना संसर्ग झपाट्याने पसरतो. पाणीपुरी, उघड्यावरची कापलेली फळं, न तापवलेलं दूध बंद. जिवंत जंतूंच्या लसी सहसा देत नाहीत.

हे सगळं घरी जाताना हातात दिलेल्या कागदाने समजत नाही. रुग्णाने आणि घरातल्या एकाने परिचारिकेसमोर आठवड्याचा गोळ्यांचा डबा स्वतः भरून दाखवावा, मगच सुट्टी मिळावी. या औषधांमुळे होणारी चेहऱ्याची सूज, हाताची थरथर, वाढती साखर यांबद्दलही आधीच बोलायला हवं. आरशात चेहरा ओळखू येईना म्हणून तरुण मुलं-मुली गुपचूप गोळ्या सोडतात. तक्रार वेळेवर कळली, तर डोस बदलता येतो. मूल हवं असलेल्या स्त्रीने प्रत्यारोपणानंतर किमान वर्षभर थांबावं. मायकोफेनोलेटमुळे गर्भात व्यंग येऊ शकतं, म्हणून डॉक्टर ते गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी थांबवून त्याऐवजी सहसा अझाथायोप्रिन सुरू करतात.