आहार आणि मनःस्थिती

आहार आणि मनःस्थिती : खाण्यापिण्याचा माणसाच्या चिंतेवर, मूडवर आणि झोपेवर होणारा परिणाम. हे नाते दुहेरी आहे. काळजीने पोखरलेल्या माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही, किंवा भूक नसतानाही तो गोड खात सुटतो. दुसरीकडे, सकाळपासून उपाशी असलेला माणूस साध्या बोलण्यावरही खेकसतो. त्यामुळे निराश माणसे वाईट खातात असे एखाद्या पाहणीत दिसले, तरी आधी काय बिघडले, मन की ताट, हे तेवढ्यावरून सांगता येत नाही. या विषयावरचे बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असते. पण माणूस स्वस्थ पडून असताना शरीर जी ऊर्जा वापरते, तिच्यातला सुमारे २० टक्के वाटा एकट्या मेंदूचा असतो. ही ऊर्जा मुख्यतः रक्तातल्या ग्लुकोजमधून येते. ग्लुकोज फार खाली गेले की शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडते. छातीत धडधडते, हात कापतात, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. भीती वाटल्यावर शरीर हेच संप्रेरक सोडते, त्यामुळे ही साखर उतरल्याची घबराट आहे की मनातली, हे ज्याचे त्यालाही ओळखता येत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी अशा वेळी ‘टेन्शन आले असेल’ म्हणून थांबू नये. ग्लुकोमीटरवर आकडा पाहावा आणि तो ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर लगेच साखर घ्यावी. निरोगी माणसाची साखर मात्र इतकी क्वचितच उतरते. जेवण चुकल्यावर त्याला जाणवतो तो चिडकेपणा आणि थकवा. तो खरा असला तरी धोक्याचा नसतो.

उपासमार लांबली तर काय होते, हे १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्रज्ञ अ‍ॅन्सेल कीज यांनी नोंदवून ठेवले. युद्धात लढायला तत्त्वतः नकार देणारे ३६ निरोगी तरुण स्वखुशीने या प्रयोगात आले. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले गेले आणि त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. मनाने धट्टेकट्टे म्हणून निवडलेली ही मुले उदास, चिडखोर आणि एकलकोंडी झाली. ती ताटल्या चाटून पुसत, पाककृतींची पुस्तके जमवत, तासन्‌तास अन्नाविषयीच बोलत. पुन्हा पोटभर जेवायला मिळाल्यावरही मन ताळ्यावर यायला बराच काळ गेला. झटपट वजन उतरवण्याच्या नादात स्वतःला उपाशी ठेवणाऱ्या प्रत्येकाला हा प्रयोग माहीत असायला हवा. त्या दिवसांत येणारा चिडचिडेपणा हा स्वभावाचा दोष नसतो. तो भुकेचा परिणाम असतो.

पोट भरलेले असूनही एखादा घटक कमी पडू शकतो. याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण म्हणजे पेलाग्रा. या रोगात कातडी सोलवटते, जुलाब होतात आणि पुढे बुद्धिभ्रंश होतो. पण त्याआधीच बेचैनी, निद्रानाश आणि औदासीन्य सुरू झालेले असते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या मनोरुग्णालयांत असे रुग्ण मोठ्या संख्येने होते आणि रोग संसर्गजन्य असल्याचे मानले जात होते. १९१४ मध्ये डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी एक साधी गोष्ट हेरली : रुग्णांना पेलाग्रा होत होता, त्यांच्यात दिवसभर वावरणाऱ्या कर्मचाऱ्यांना होत नव्हता. संसर्ग असता तर त्याने कर्मचाऱ्यांना वगळले नसते. फरक जेवणात होता. मक्यावर भागवणाऱ्या गरिबांना दूध, मांस, कडधान्ये मिळत नव्हती. नायसिन हे जीवनसत्त्व त्यांना कमी पडत होते, हे १९३७ मध्ये जैवरसायनशास्त्रज्ञ कॉनरॅड एल्व्हेजेम यांच्या कामातून कळले. कित्येक माणसे वेडी ठरवून कोंडली गेली होती, आणि त्यांना हवे होते ते चांगले अन्न.

आज पेलाग्रा विरळा झाला आहे, पण ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. हे जीवनसत्त्व नैसर्गिकरीत्या जवळजवळ केवळ प्राणिज पदार्थांतून मिळते. त्यामुळे प्राणिज पदार्थ टाळणारे, वृद्ध माणसे आणि मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचे औषध दीर्घकाळ घेणारे यांना ते कमी पडू शकते. हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, चिडचिड, उदासी अशी तिची लक्षणे असतात. लोह कमी असेल तर थकवा आणि धडधड जाणवते, आणि त्यालाच चिंता समजले जाते. दोन्ही गोष्टी रक्ताच्या साध्या तपासणीत कळतात. मन महिनोन्‌महिने थकलेले असेल तर ही तपासणी करून घ्यावी.

कॅफीन : रोजच्या आहारात चिंतेशी सर्वांत थेट संबंध असलेला, चहा-कॉफीतला पदार्थ हाच. मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे रसायन साठत जाते तशी झोप दाटते. कॅफीन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसते, म्हणून तरतरी येते. घेतलेले कॅफीन निम्मे व्हायला प्रौढांत साधारण ५ तास लागतात. संध्याकाळी पाचला २०० मिलिग्रॅम पोटात गेले, तर रात्री दहाला १०० आणि पहाटे तीनला ५० मिलिग्रॅम शरीरात शिल्लक असते. झोप उडते, दुसऱ्या दिवशी डोके जड होते, मग आणखी एक कप घेतला जातो. दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण निरोगी प्रौढांसाठी सर्वसाधारणपणे सुरक्षित मानतात, पण ज्यांना घबराटीचे झटके येतात त्यांच्यात तेवढ्याच कॅफीनने झटका येऊ शकतो. गरोदरपणात ते शरीरातून खूप सावकाश बाहेर पडते. धूम्रपान करणाऱ्यांत उलटे घडते, यकृत ते झपाट्याने निकालात काढते. म्हणूनच सिगारेट सोडणाऱ्याने चहा-कॉफी पूर्वीइतकीच ठेवली तर रक्तातले कॅफीन बरेच वाढते आणि ती तगमग सिगारेटच्या आठवणीच्या खात्यावर मांडली जाते. कॅफीन सोडायचे तर हळूहळू सोडावे. एकदम बंद केल्यास १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते आणि चिडचिड काही दिवस टिकते.

दारूने सुरुवातीला मन सैलावते, कारण ती मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचे काम वाढवते. अंमल उतरला की मेंदू उलट्या दिशेने ताणला जातो. पहाटे दचकून जाग येते आणि सकाळी कारण नसताना हुरहुर लागते. ती शमवायला पुन्हा प्यायले की चक्र पक्के होते. अनेक वर्षे भरपूर पिणाऱ्याने मात्र स्वतःच्या मनाने एकाएकी थांबू नये. आकडी येऊ शकते, जिवावरही बेतते. हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावे.

एकूण आहार सुधारल्याने नैराश्य कमी होते का, याची चाचणी ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका आणि सहकाऱ्यांनी घेतली. ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. मध्यम ते तीव्र नैराश्याचे ६७ रुग्ण १२ आठवडे दोन गटांत विभागले होते. एका गटाला आहारतज्ज्ञाने भाज्या, फळे, कडधान्ये, अख्खी धान्ये, मासे, सुकामेवा, ऑलिव्ह तेल यांकडे वळवले; दुसऱ्या गटाशी तितकाच वेळ आपुलकीने गप्पागोष्टी केल्या. पहिल्या गटातले सुमारे ३२ टक्के आणि दुसऱ्यातले ८ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले. आकडे उमेद देणारे आहेत, पण गट लहान होते, आणि आपण चांगले खात आहोत हे खाणाऱ्याला ठाऊकच असते. औषधाच्या चाचणीत बनावट गोळी देता येते, तसे बनावट जेवण वाढता येत नाही. केवळ चिंतेविषयीचा पुरावा याहून तोकडा आहे.

तेच घटक गोळ्यांतून दिले तर? युरोपातल्या चार देशांतील १,०२५ जणांच्या चाचणीत (२०१९) ओमेगा-३, फोलिक अ‍ॅसिड, सेलेनियम आणि ड जीवनसत्त्व एकत्र देऊनही वर्षभरात नैराश्य टळले नाही. अमेरिकेत पन्नाशी ओलांडलेल्या १८ हजारांहून अधिक लोकांना सुमारे पाच वर्षे ड जीवनसत्त्व दिले, तिथेही (२०२०) फरक पडला नाही. कमतरता असेल तर गोळी औषध ठरते. कमतरता नसताना आनंदाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालवू नयेत, असे या नोंदीच्या लेखकाचे स्पष्ट मत आहे.

आतडे व मेंदू : ‘पोटात गोळा येणे’ ही नुसती बोलण्याची तऱ्हा नव्हे. आतड्याला मेंदूशी जोडणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूंच्या जुडग्यातले बहुतांश तंतू पोटाकडून मेंदूकडे खबर नेतात. मनःस्थितीशी जोडल्या जाणाऱ्या सेरोटोनिन या रसायनाचा शरीरातला सुमारे ९० टक्के भाग आतड्यात तयार होतो, हेही खरे. पण तिथले सेरोटोनिन रक्त व मेंदू यांमधली भिंत ओलांडत नाही. मेंदू स्वतःचे सेरोटोनिन अन्नातल्या प्रथिनांतून मिळणाऱ्या ट्रिप्टोफॅनपासून स्वतःच बनवतो. जपानमध्ये २००४ साली जंतुविरहित वाढवलेले उंदीर ताणाला नेहमीपेक्षा जास्त प्रतिसाद देतात असे दिसले, आणि आतड्यातल्या सूक्ष्मजीवांविषयी कुतूहल वाढले. २०११ मध्ये लॅक्टोबॅसिलस या जिवाणूच्या एका वाणाने उंदरांची भीती कमी झाली. तोच वाण निरोगी पुरुषांना दिल्यावर (२०१७) मात्र त्याने बनावट गोळीपेक्षा जास्त काही केले नाही.

औषध चालू असताना : मोनोअमाइन ऑक्सिडेज हे शरीरातले विकर (एन्झाइम) रोखणारी जुनी नैराश्यविरोधी औषधे घेताना मुरवलेले चीज खाल्ले, तर त्यातल्या टायरामिनमुळे रक्तदाब जीवघेणा वाढू शकतो, १९६० च्या दशकात हे उघड झाले. मनाच्या टोकाच्या चढउतारांवर दिले जाणारे लिथियम घेणाऱ्यांनी मीठ आणि पाणी अचानक कमी केल्यास रक्तातले लिथियम विषारी पातळीपर्यंत चढू शकते. त्यामुळे उपचार चालू असताना आहारात मोठा बदल करायचा झाला, तर तो औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगावा लागतो.