ओपन सोर्समधले रिलीजचे निकष आणि एंड-टू-एंड टेस्टिंग

रिलीजचे निकष म्हणजे सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती लोकांच्या हातात द्यायच्या आधी काय काय चाललंच पाहिजे याची आधीच लिहून ठेवलेली यादी. आणि एंड-टू-एंड टेस्टिंग म्हणजे ते खरंच चालतंय का हे, वापरणारा माणूस वापरेल तसंच, इन्स्टॉल करण्यापासून शेवटच्या क्लिकपर्यंत करून बघणं. यातलं एक दुसऱ्याशिवाय अर्धवटच.

महापे, ऐरोली किंवा वागळे इस्टेटच्या एखाद्या कंपनीत तारीख क्लायंटची असते आणि शेवटचा शब्द मॅनेजरचा. ओपन सोर्समध्ये, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरमध्ये, बरेच जण नोकरी सांभाळून रात्री काम करणारे, कोणी कोणाचा साहेब नाही, त्यामुळे "हा बग असताना रिलीज करायचं का" याचं उत्तर कागदावर लागतं, आणि तेही बग सापडायच्या आधी. बग समोर आल्यावर निकष ठरवायला बसलं की सगळे दमलेले असतात आणि ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं होतं.

फेडोरा या लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये बीटाचे (आधी चाचणीसाठी देतात त्या आवृत्तीचे) आणि फायनलचे निकष वेगळे असतात, निकष मोडणारा बग ब्लॉकर, म्हणजे रिलीज अडवणारा, ठरतो आणि शेवटी रिलीज करायचं की नाही हे ठरवणारी गो / नो-गो बैठक होते. फेडोराची १८ वी आवृत्ती नोव्हेंबर २०१२ मध्ये यायची होती, पण इन्स्टॉलर जवळपास नव्याने लिहिलेला आणि तो तयार होईना, शेवटी १५ जानेवारी २०१३ ला आली. डेबियन (तशीच आणखी एक सिस्टिम) तर तारखेपेक्षा तयारीला मानतं, क्रिटिकल, ग्रेव्ह आणि सीरियस या तीन पातळ्यांचे बग रिलीज अडवणारे धरतात. लिनक्स कर्नलचं, म्हणजे या सगळ्या सिस्टिमच्या गाभ्याचं, गणित वेगळं, दोन आठवडे नवीन कोड घ्यायचा आणि मग आरसी (रिलीज कँडिडेट, म्हणजे रिलीजच्या आधीची चाचणी आवृत्ती) १ पासून साधारण आरसी ७-८ पर्यंत फक्त दुरुस्त्या.

निकष लिहिताना सगळ्यात जास्त चूक होते ती मोघमपणाची. "मराठी सपोर्ट नीट पाहिजे" हा निकष नाही, ती इच्छा झाली. निकष असा: नवीन फाइलमध्ये "दऱ्या" टाइप केलं, सेव्ह केलं, बंद करून परत उघडलं, पीडीएफ काढली, त्यातून कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केलं, तरी "दऱ्या"च राहिलं पाहिजे, "दर्या" होता कामा नये (डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो हो). आता यात कीबोर्ड, फॉन्ट, अक्षरं जुळवणारी लायब्ररी, पीडीएफ काढणारा कोड, असे चार वेगळे लोक सांभाळत असलेले तुकडे आहेत, प्रत्येकाची युनिट टेस्ट (फक्त त्या एका तुकड्याची टेस्ट) पास होऊ शकते आणि तरी मधेच कुठेतरी ऱ्या हरवतो. एंड-टू-एंड टेस्ट लागते ती यासाठी.

पण अशा टेस्ट हळू चालतात आणि फ्लेकी होतात, म्हणजे कोड तोच आणि आज पास, उद्या फेल. बऱ्याचदा कारण एवढंच असतं की स्क्रीन तयार व्हायची वाट बघण्याऐवजी "पाच सेकंद थांब" असं लिहिलेलं असतं. ओपनसुसे या आणखी एका लिनक्स सिस्टिमकडून आलेलं आणि फेडोराही वापरतं ते ओपनक्यूए हे टूल व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा नकली कॉम्प्युटर) बूट करतं, माणसासारख्या कळा दाबतं आणि स्क्रीनचे ठरलेले भाग जुळतात का ते बघतं. माझ्या मते एका निकषाला एक पक्की टेस्ट हे प्रमाण बरं, शेकडो टेस्ट लिहून लाल रंगाकडे, म्हणजे फेल झालेल्या टेस्टकडे, दुर्लक्ष करायची सवय लागली तर सगळंच फुकट.

काही गोष्टी मात्र हातानेच सापडतात. आम्ही झाडांच्या नोंदी करायचं एक छोटं ॲप करत होतो, सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या, आणि घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये एकाने लिफ्टमध्ये शिरता शिरता सेव्ह दाबलं. दार बंद, नेटवर्क गायब, वर पोचल्यावर तीच नोंद दोनदा गेलेली! त्या रात्री यादीत ओळ वाढली: नेट नसताना सेव्ह केलेली नोंद नेट आल्यावर एकदाच गेली पाहिजे. मग टेस्टमध्येही मुद्दाम मधेच नेट तोडायला लागलो.

कधीकधी निकषाला सूट द्यावी लागते, बग अगदी शेवटच्या दिवशी सापडतो आणि फार थोड्या लोकांना लागणार असतो. अशा वेळी सूट का दिली, कोणी कोणी मान्य केली हे त्या बगच्या नोंदीतच लिहायचं, आणि रिलीज नोट्समध्ये तो बग, जमलं तर त्यावरच्या तात्पुरत्या उपायासकट, वरच टाकायचा.