लाकडावर कडक झालेलं इपॉक्सी: थिनर घेण्याआधी हे वाचा

तान्हा पोळा जवळ आला की दुकानात लाकडी बैल यायला लागतात. कुणाचं शिंग तिरपं बसलेलं असतं, कुणाचं चाक वाकडं चिकटलेलं. मागणी एकच: "इपॉक्सी विरघळेल असं काही द्या." (इपॉक्सी म्हणजे दोन भाग मिसळून लावायचा गोंद.) आमच्याकडे थिनर आहे, अ‍ॅसिटोनही आहे. पण पूर्ण वाळलेलं इपॉक्सी दोन्हींत विरघळत नाही, हे बाटली विकण्याआधीच सांगितलेलं बरं.

रेझिन आणि हार्डनर हे इपॉक्सीचे दोन भाग एकत्र आले की त्यांची घट्ट जाळी विणली जाते. अ‍ॅसिटोन त्या जाळीत शिरून ती थोडी फुगवतं, मऊ करतं; तोडत नाही. म्हणून आधी नख रोवून पाहा. नख रुतलं किंवा हाताला चिकट लागलं, तर माल कच्चा आहे आणि अ‍ॅसिटोनच्या फडक्याने निघेल. पावसाळ्यात कधी कडक थरावरच मेणचट साय येते. ती साध्या पाण्याने धुतली जाते, त्यासाठी थिनर वाया घालवू नका.

नख रुतत नसेल तर उष्णता द्या. घरगुती वापराचं इपॉक्सी साधारण 50 ते 70 अंशांच्या आसपास ढिलं पडू लागतं. हीट गन (गरम हवा फुंकणारं यंत्र) हलती ठेवा, एका जागी धरली तर लाकूड करपतं. गन नसेल तर सुती कापड मधे ठेवून जुनी इस्त्री चालते. सांधा तापला की हलकेच पिळा, उरलेला थर बोथट पटाशीने लाकडाच्या रेषांच्या दिशेने खरवडा. स्क्रू अडकला असेल तर सोल्डरिंगची तापलेली सळई त्याच्या डोक्यावर टेकवा आणि स्क्रू गरम असतानाच फिरवा. हे सगळं मोकळ्या हवेत. तापलेल्या इपॉक्सीचा वास छातीत घेऊ नये.

लाकूड पूर्ण थंड झाल्यावरच अ‍ॅसिटोनची पाळी. पातळ डागावर भिजलेलं फडकं ठेवा, वरून पॉलिथीन झाका (नाहीतर अ‍ॅसिटोन लगेच उडून जातं), तासाभराने खरवडा. जाड थरावर मात्र पटाशी आणि काचपेपरच. घासताना मास्क बांधा. पॉलिश केलेल्या लाकडावर आधी कोपऱ्यात थेंब टाकून पाहा, कारण इपॉक्सीआधी पॉलिशच निघू शकतं.

अ‍ॅसिटोनची वाफ शून्याखालीही पेट घेते, मग आपल्याकडच्या 45 अंशांच्या उन्हाळ्यात काय सांगावं! जवळ चूल, बिडी, हीट गन काहीही नको. हातावरचं ओलं इपॉक्सी थिनरने पुसू नका, त्याने ते कातडीत आणखी मुरतं; साबण-पाणी वापरा. पातळ हातमोजे भिजले की बदला.

मेथिलीन क्लोराइडचा पेंट रिमूव्हर इपॉक्सीवर खरंच चालतो. तरीही घरगुती कामासाठी आम्ही तो देत नाही. त्याच्या वाफेपासून शरीरात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, बंद खोलीत माणूस दगावतो.

परत चिकटवताना सागाला मात्र अ‍ॅसिटोनने जरूर पुसा. सागात तेल असतं, ते पृष्ठभागावरून निघालं की पकड बसते. पुसल्यावर अ‍ॅसिटोन उडू द्या आणि लगेच चिकटवा, उद्यावर ठेवू नका.

शिंग वाकडं बसलेला बैल दुकानात आणलात तर तिथंच तापवून सोडवून देऊ, त्याचे पैसे घेत नाही. पोळ्याच्या दिवशी मात्र आणू नका, त्या दिवशी उभं राहायला जागा नसते.